दुबार ग्लास

३ मार्च, सोमवार

त्र्याण्णव आणि चौऱ्याऐंशी!

एकाच बाटलीतली वाइन. चौथ्या ग्लासात होती तेव्हा मी तिला शंभरपैकी त्र्याण्णव दिले, नवव्या ग्लासात आली तेव्हा चौऱ्याऐंशी. चौथ्यापुढे लिहिलं— 'सुकलेली चेरी, गुलाब, मागाहून डांबराची झाक. घरंदाज.' नवव्यापुढे— 'घाईघाईत केलेली. हिच्या बापाचं नाव विचारू नये.' पंधरा मिनिटांत बिचारीचं कूळच बुडालं.

पद्धत जुनी आहे आमच्याकडे. चाखायला बसलो की ऑफिसातल्या मावशी आतल्या खोलीत ग्लास भरतात, नंबर चिकटवतात, आणि त्यातली कुठली तरी एक वाइन दोनदा ओततात. कुठली, ते त्यांनाच माहीत. आपण वाइनची परीक्षा घेतो आणि हा दुबार ग्लास आपली घेतो. तीन गुणांपर्यंतचा फरक माफ. ही पद्धत सुरू कोणी केली? मीच. एकवीस वर्षांपूर्वी, दुसऱ्यांची जिरवायला. तेव्हा फार हुशार वाटलो होतो स्वतःला.

मालकांनी माझा कागद पाहिला, पुन्हा पाहिला. मग हळूच म्हणाले, "काका, ग्लासाला काही लागलं होतं का?" भला माणूस. पळायला वाट काढून दिली. मीही मागेपुढे न पाहता पळालो. "नवव्याला साबणाचा वास होता," म्हणालो.

साबणाचा वास! मला! गेले तीन महिने साबण नाही, कॉफी नाही, पेट्रोल नाही, पावडर नाही— काहीही आलेलं नाही.

हे आज पहिल्यांदा लिहिलं. आता खोडत नाही. मला वास येत नाही. आणि मी या कंपनीचा मुख्य वाइन-परीक्षक आहे.

४ मार्च, मंगळवार

मावशींनी सगळे ग्लास नुसत्या गरम पाण्याने तीनतीनदा धुतले. हात लालबुंद. म्हणाल्या, "आता बघा बरं थोरले, येतो का साबण." नाही येत म्हणालो. तेवढं एक वाक्य खरं बोललो दिवसभरात.

६ मार्च, गुरुवार

नाकाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. मुद्दाम लांबच्या. जवळचे जे आहेत ते आमच्याकडून वाइन नेतात आणि नेताना माझा सल्ला घेतात.

चाळीस छोटे चौकोन छापलेली पुस्तिका दिली. नखाने खरवडायचं, हुंगायचं, चार उत्तरांपैकी एकावर खूण करायची. एका ठिकाणी पर्याय होते— पेट्रोल, केळं, चामडं, कांदा. मी सवयीने पुस्तिका हवेत गोल फिरवली. डोळे मिटले. दीर्घ श्वास घेतला. बाजूला बसलेली नर्स बघतच राहिली. मग मी मोठ्या खात्रीने 'चामडं' केलं. कांदा होता.

चाळीसपैकी अकरा! डॉक्टर म्हणाले, "नुसत्या अंदाजाने ठोकत गेलं तरी दहाएक बरोबर येतात." म्हणजे माझं नाक घरी विसरून आलो असतो तरी एकच गुण कमी पडला असता.

"मोठी सर्दी झाली होती का?" झाली होती. डिसेंबरात. ऑफिसात साथच होती, आठवडाभर सगळे शिंकत होते. डॉक्टरांनी मान डोलावली. सर्दीने जातं असं कधीकधी. येतंही. कुणाचं सहा महिन्यांत, कुणाचं दोन वर्षांत. "आणि कुणाचं नाही?" विचारलं. "कुणाचं नाही," म्हणाले. मग सहज, "काम काय करता आपण?" मी म्हणालो, लिखापढीचं.

घरी येताना बसमध्ये बसून राहिलो, दोन थांबे पुढे गेलो. भीती वाटते. अठ्ठावीस वर्षं हे एकच काम केलं. दुसरं काही येत नाही मला, साधा बल्ब बदलता येत नाही.

७ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांचा व्यायाम सुरू. चार छोट्या बाटल्या— गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक वीस सेकंद हुंगायची, आणि हुंगताना तो वास आठवायचा. बाटल्या न्हाणीघरात दाढीच्या सामानामागे लपवल्यात. आज निलगिरी जाणवली म्हणून नाचणार होतो. मग आठवलं, डॉक्टर म्हणाले होते, नाकात झोंबणं म्हणजे वास नव्हे.

१० मार्च, सोमवार

काय शिल्लक आहे ते बघितलं आज. शांतपणे, कपाट आवरावं तसं.

जीभ शाबूत. आंबट कळतं, तुरट कळतं, कडू कळतं, दारूची धग कळते. डोळे शाबूत. इटलीच्या बारोलोसारखी वाइन असली तर डोळे बरंच सांगतात. तिचा लाल रंग मुळातच पातळ, आणि वय झालं की काठ विटकरी होत जातो. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरला की चार वर्षांची आणि चौदा वर्षांची यांत गल्लत होत नाही. उन्हाळा कडक गेलेलं साल जिभेला गरम लागतं, थंड गेलेलं आंबट. राहिलं ते गुलाब, चेरी आणि डांबर. ते मी जुन्या वह्यांतून घेतो. अठ्ठावीस वर्षांच्या वह्या आहेत. स्वतःच्याच मालाची चोरी, तेव्हा गुन्हा नाही अशी समजूत घालतो.

पण खराब बाटली? बूच खराब निघालं की वाइनला भिजल्या पुठ्ठ्याचा वास लागतो. तो जिभेला कळत नाही. वहीतही सापडत नाही. तिथे मी उघडा पडणार.

११ मार्च, मंगळवार

युरेका! की काय म्हणतात ते.

उत्तर सात वर्षं माझ्या समोरच्या खुर्चीत बसलंय. धाकटी! (मावशींनी नावं पाडलीत. मी थोरला, ती धाकटी. आता ऑफिसच तसं म्हणतं.) चौतिशीची पोर, माझ्याच हाताखाली तयार झालेली. नाक असं, की मावशींनी हाताला लावायचं मलम बदललं तर ही जिन्यातून ओळखायची. आणि चेहरा म्हणजे उघडी वही. आज कियांती या इटालियन वाइनचे सहा ग्लास होते. मी वाइनकडे पाहायचं सोडलं आणि तिच्याकडे पाहिलं.

चष्मा बोटाने वर सरकवला— वाइन बरी. पेनाचं टोपण चावलं— काहीतरी गडबड. मान डावीकडे कलली— चांगली, पण अजून कोवळी. मी तसंतसं लिहीत गेलो. दुबार ग्लासाला एकोणनव्वद आणि नव्वद. मालकांनी पाठीवर थाप मारली. "काका, साबणच होता म्हणायचा."

मावशी तिथेच ग्लास उचलत होत्या. ऐकलं त्यांनी.

१४ मार्च, शुक्रवार

आज लागलेला नवा शोध. धाकटीने चष्मा काढून ओढणीने पुसला, तर समजावं वाइन अप्रतिम. असं आज पहिल्यांदाच झालं, आणि त्या वाइनला तिने पंच्याण्णव दिले. मी चौऱ्याण्णव. थोडं मतभेदाचं नाटक ठेवावं लागतं. अनुभवी माणूस दिसायला हवा.

एकच अडचण. ती माझ्याआधी कधी लिहीत नाही, बोलत तर नाहीच. मीच शिकवलंय तसं, वडीलधाऱ्यांना आधी बोलू द्यावं म्हणून. आता तोच शिष्टाचार माझ्या मुळावर आलाय.

१५ मार्च, शनिवार

गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. शून्य, शून्य, शून्य, झोंबलं.

१८ मार्च, मंगळवार

मालकांनी खोलीत बोलावलं. चेहरा उजळलेला. कंपनीला पन्नास वर्षं होतायत. त्यासाठी एक खास वाइन काढायची, एकाच बारोलोवाल्या घराण्याची. दोन हजार चारपासून सोळापर्यंतची बारा सालं ते नमुन्याला पाठवतायत. चौदा साल नाही, त्या वर्षी पावसाने द्राक्षं गेली म्हणून त्यांनी वाइनच केली नाही. बारा सालं शेजारीशेजारी मांडायची, आपण चाखायची आणि एक निवडायचं. त्या सालाचा त्यांच्याकडे उरलेला सगळा साठा आपण घ्यायचा.

"निवड तुमची काका. बाटलीच्या मागच्या बाजूला तुमचा मजकूर आणि खाली तुमची सही." मग थोडं थांबून, "पुढच्या वर्षी तुम्ही साठचे. धाकटी तुमच्या खुर्चीत बसेलच. त्याआधी हे तुमच्या नावावर व्हावं असं मला फार वाटतं."

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. त्यांना वाटलं कृतज्ञता. होतीच ती, पण तेवढीच नव्हती. दोन एप्रिलला बसायचंय. सांगून टाकायची हीच वेळ होती, दार बंद होतं, माणूस भला होता. मी म्हणालो, "नेब्बिओलो द्राक्षाला वेळ द्यावा लागतो मालक." बारोलो त्याच द्राक्षाची होते हे खरं, पण याचा काय संबंध होता देव जाणे. ते मात्र आदराने मान हलवत होते.

अब्रूने बाहेर पडायचंय मला. बाकी काही नको. एवढं एक टेबल निभावलं की झालं, मग वर्षभर लिहीत बसेन, शिकवीन, हुंगणं धाकटीवर सोडून देईन. दोन तारखेला पकडला गेलो तर मात्र अठ्ठावीस वर्षांचं सगळंच संशयात जाईल. लोक म्हणतील, याला कधी तरी येत होता का वास?

२२ मार्च, शनिवार

घरी पकडला गेलो.

बायको वरच्या मजल्यावर शेजारणीकडे गेली होती. जाताना सांगून गेली, "अहो, दूध ठेवलंय, लक्ष ठेवा." मी स्वयंपाकघरातच खुर्ची टाकून जुनी वही वाचत बसलो होतो, सहा सालच्या बारोलोवर काय लिहिलं होतं ते. दूध उतू गेलं, आटलं, करपलं, भांडं काळं ठिक्कर पडलं. ती जिन्यातून धावत आली. वरच्या मजल्यापर्यंत वास गेला होता. मी चार हातांवर बसून पान उलटत होतो.

तिने गॅस बंद केला, खिडकी उघडली. माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला वास येत नाहीये," म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

सगळं सांगितलं. बाटल्या दाखवल्या. मला वाटलं रडेल, जवळ घेईल. तिने विचारलं, "मग तीन महिने दारातून आत आल्याआल्या 'वा, काय वास सुटलाय' म्हणता ते?"

सवय, म्हणालो. संशय येऊ नये म्हणून.

"मागच्या मंगळवारी मी काहीच शिजवलं नव्हतं. मला बरं नव्हतं. मला वाटलं टोमणा मारताय. चार दिवस बोलले नाही तुमच्याशी. ते तरी कळलं का?"

नव्हतं कळलं. तेही सांगितलं. खरं बोलायची सवय मोडली की माणूस नको तिथे खरं बोलतो.

भांडं दोघांनी मिळून घासलं. घासताघासता म्हणाली, "त्या पोरीला सांगा. ती हसणार नाही." मी म्हणालो, ती नाही हसणार, पण मी तिच्यासमोर पुन्हा कसा बसू? सात वर्षं तिला 'नाक लाव, अजून लाव' म्हणून पिडलंय मी. बायको म्हणाली, "बसा मग तसेच, सोंग काढून." भांडं काही निघालं नाही.

२३ मार्च, रविवार

सकाळी चार बाटल्या बायकोने स्वतः समोर धरल्या, माझे डोळे बांधून. लिंबाला लवंग म्हणालो. ती म्हणाली, "निदान 'ल' तरी बरोबर आला."

२७ मार्च, गुरुवार

रंगीत तालीम. मावशींनी साध्या टस्कनी वाइनचे पाच ग्लास ठेवले. मालक नव्हते. मी आणि धाकटी समोरासमोर.

पहिला ग्लास उचलला. फिरवला. तिनेही फिरवला. मी तिच्याकडे बघतोय, चष्मा कधी हलतो. ती ग्लासावरून माझ्याकडे बघतेय. मी नाक घातलं. तिने घातलं. मी बाहेर काढलं, तिने काढलं. पुन्हा फिरवला. वाइनला चक्कर आली असेल.

"तू सांग आज आधी," मी म्हणालो.

"नाही सर, आधी तुम्ही."

"अगं, आता तूच बसणार आहेस या खुर्चीत."

"म्हणून काय झालं? तुमच्याआधी कसं बोलायचं?"

चार मिनिटं! मावशी दारातून डोकावल्या. "झोपलात का दोघं?" शेवटी मी वैतागून नुसतं 'हं' केलं. काहीच अर्थ नव्हता त्या 'हं'ला, भुवया तेवढ्या वर गेल्या असतील. आणि लगेच धाकटीने चष्मा वर सरकवला, भराभरा लिहायला लागली. मी सुटलो. लिहिलं— 'बरी, मोकळी, रोजच्या जेवणाची.' तिचंही तेच निघालं.

किती आदर ठेवते पोरगी. लाज वाटली. तिच्या चेहऱ्यावर जगतोय मी, आणि ती बिचारी माझ्या 'हं'ची वाट बघते.

१ एप्रिल, मंगळवार

उद्या. चार वेळा इस्त्री केलेला शर्ट पाचव्यांदा केला. बायको म्हणाली, "वाइन तुमचा शर्ट बघणार नाहीये."

२ एप्रिल, बुधवार

निभावलं!! नीट क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

लांब टेबल, पांढरी चादर, तेरा ग्लास प्रत्येकासमोर. बारा सालं आणि एक दुबार. क्रम मावशींनी पिसलेला. मी मधे, समोर धाकटी, टोकाला मालक. ते दरवेळी बसतात आणि दरवेळी आधीच सांगून टाकतात, "मला काय कळतंय, मी आपला सोबतीला." यामागे मी आहे. ते बावीसचे होते तेव्हा या टेबलावर शिकायला आले होते. दोन महिन्यांनी मी त्यांच्या वडिलांना सांगितलं, मुलाला गोदाम बघू द्या, नाक सगळ्यांनाच नसतं. तेव्हापासून ते गोदाम बघतात. हा किस्सा मी चारचौघांत रंगवून सांगत आलोय, त्यांच्यासमोरसुद्धा. तेही हसतात.

सहा ग्लास सुरळीत गेले. विटकरी काठ, म्हणजे जुनं साल. धग जास्त, म्हणजे कडक उन्हाळ्याचं. धाकटीचा चष्मा, मान, टोपण— सगळं वेळेवर. माझी लेखणी धावत होती. चाखलेला घोट पिकदाणीत थुंकतानासुद्धा रुबाब होता माझा.

मग सातवा. जिभेला आंबट ठीक, तुरट ठीक, पण मधे पोकळ. माणूस घरात आहे पण बोलत नाही, तसं. म्हटलं हा आपल्या नाकाचा दोष, वाइनचा नाही. धाकटीकडे बघितलं. काही नाही. चष्मा नाही, टोपण नाही. ती माझ्याकडे बघतेय. मी चेहरा दगडाचा केला, उगाच चुकीचं काही दिसायला नको. पुन्हा हुंगलं. पुन्हा बघितलं. आणि तेव्हा तिने चष्मा काढला. ओढणीने पुसला. बराच वेळ पुसला.

अप्रतिम!

मी लिहायला घेतलं तोच टोकावरून आवाज आला. "काका, हा सातवा... मला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वाटतोय. म्हणजे, तुम्हाला वाटतोय का?"

आमचा नियम आहे. टेबलावर कुणालाही अशी शंका आली, की त्या सालाची दुसरी बाटली उघडायची. कुणालाही. मावशी दुसरी बाटली घेऊन दारात उभ्याही राहिल्या होत्या, हातात ओपनर. मी हात वर करून त्यांना थांबवलं. म्हणालो, "राहू द्या मावशी." आणि मालकांना पाच मिनिटं व्याख्यान दिलं. पुठ्ठा नव्हे, ओली माती. गळून पडलेली पानं. रानातली अळंबी. नेब्बिओलो मुरली की अशीच बोलते, नवख्याला ती ओल खटकते, जाणत्याला तीच लागते. धाकटी माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. मालकांचे कान लाल झाले. "असेल, असेल," म्हणाले, आणि आपल्या कागदावर काहीतरी खोडलं.

सातव्याला मी शहाण्णव दिले, धाकटीने पंच्याण्णव. अकराव्या ग्लासाशी पुन्हा तोच रंग, तोच तुरटपणा, तीच पोकळी. दुबार! ओळखला मी! माझ्या भुवया आपोआप वर गेल्या, आणि समोर चष्मा लगेच सरकला. शहाण्णव. सातवा आणि अकरावा एकच होते, दोन हजार आठ. शून्य गुणांचा फरक! एकवीस वर्षांत कुणाचा आला नव्हता.

टाळ्या वाजल्या. मालकांनी तिथल्या तिथे इटलीला फोन लावला, आठ सालाचा सगळा साठा राखून ठेवायला सांगितला. पक्की ऑर्डर सोमवारी. माझ्या मजकुराची पहिली ओळही ठरली— 'ओल्या रानाची आठवण.' घरी येऊन बायकोला मिठी मारली. ती म्हणाली, "वास येतोय तुमच्या शर्टाला." मी म्हणालो, असणारच, काय सुंदर वास असेल.

३ एप्रिल, गुरुवार

मावशी कागद आवरत होत्या. मला म्हणाल्या, "थोरले, जरा इकडे या." मालकांचा कालचा कागद पुढे धरला. सातव्यापुढे खोडलेलं, पण वाचता येत होतं— पुठ्ठा. आणि अकराव्यापुढे, व्याख्यान ऐकून झाल्यावर, अगदी बारीक अक्षरात पुन्हा— पुठ्ठा. तेही खोडलेलं.

"त्यांना कुठे माहीत होतं मी दोन्हीकडे एकच ओतलंय," मावशी म्हणाल्या. "दुसरी बाटली आहे अजून माझ्याकडे. तशीच. बूचसुद्धा काढलं नाही."

मी म्हणालो, योगायोग. मावशींनी ओपनर ओट्यावर ठेवला आणि ग्लास पुसायला लागल्या. नुसत्या गरम पाण्याने धुतलेले.

दिवसभर काम झालं नाही. स्वतःला समजावत बसलो. मालकांना चुकून काहीतरी वाटलं असेल. मला वास येत नाही हे खरं, पण मी एकटा थोडाच होतो? धाकटी होती की. तिचं नाक चुकत नाही. तिने चष्मा काढून पुसला, मी या डोळ्यांनी पाहिलं. तरी संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. व्याख्यानाचंही. ती म्हणाली, "त्या माणसाने दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. तुमच्यामुळे."

रात्री जेवण गेलं नाही. लाज वाटतेय, दुसरा शब्द नाही. उद्या धाकटीला सांगणार. माझं जाऊ दे काय व्हायचं ते, पण ती दुसरी बाटली तिने एकदा हुंगून बघायला हवी.

४ एप्रिल, शुक्रवार

धाकटीला खोलीत घेतलं, दार लावलं. मी घसा खाकरला, एवढ्यात ती रडायलाच लागली. "तुम्हाला कळलंय ना सर? डिसेंबरातल्या सर्दीपासून मला काहीच वास येत नाही. तुमच्या भुवया बघून लिहिते मी. सातव्याला तुमच्या भुवया हलेचनात. मला इतका घाम फुटला, की चष्म्यातून दिसेना."

मग मी माझं सांगितलं.

मावशींकडून आठ सालाची दुसरी बाटली घेतली. ग्लास किती देऊ, त्यांनी विचारलं. एकच, म्हणालो. आणि आम्ही दोघं मालकांच्या खोलीत गेलो.